जांबुघोड्यात गाड्यांविना सायकल: आधी वेळ ठरवा, मग रस्ता

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यातल्या एका जोडप्याने नुकत्याच दोन ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकली, घेतल्या आहेत. टायर ७००×४०, म्हणजे ४० मिमी रुंद, आत ट्यूब. डिसेंबरात पूर्व गुजरातेतल्या जांबुघोडा अभयारण्यातून साठेक किलोमीटरची फेरी करायची आहे. गाड्या अजिबात नकोत, डांबर शक्य तितकं कमी हवं, आणि कुणाकडे तयार जीपीएक्स फाइल (फोनवर उघडणारा आखीव मार्ग) असेल तर ती हवी.

फाइल देत नाही. हातचं राखून ठेवायचं म्हणून नव्हे. तुम्ही ‘रस्ता कुठला’ असं विचारलंय, पण जांबुघोड्यात गाड्या टाळणं हे रस्त्यापेक्षा वारावर आणि घड्याळावर जास्त अवलंबून आहे. शिवाय नकाशावर जंगलातून जाणाऱ्या ज्या बारीक तुटक रेघा दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा तुमच्या-माझ्यासाठी नाहीतच.

आधी ते कायद्याचं उरकू. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. अपवाद मोजके आहेत: कामावर असलेले सरकारी नोकर, आत जमीनजुमला असलेले लोक आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे, आणि सार्वजनिक रस्त्याने नुसते पार जाणारे. आपण या शेवटच्या गटात बसतो, पण डांबरी किंवा गावरस्त्यावर असेपर्यंतच. तिथून डावीकडे वळून वनखात्याच्या गस्तीच्या वाटेवर चाक घातलं की कलम २८ खालचा परवाना लागतो. पर्यटनासाठी तो मिळू शकतो. बडोद्यात वन्यजीव विभागाची कचेरी आहे, तिथे किंवा जांबुघोड्याच्या रेंज ऑफिसात आठवडाभर आधी जाऊन सरळ विचारा: ‘अमुक गाव ते अमुक तळं, दोन सायकली, अमुक तारीख.’ कधी हो म्हणतात, कधी सोबत माणूस देतात, कधी नाही म्हणतात. मोसम, वणव्याची भीती, जनावरांचा वावर, यावर ते ठरतं. नाही म्हटलं तर वाद घालू नका. आणि कुठल्या अ‍ॅपच्या हीटमॅपवर (लोक कुठून गेले ते दाखवणाऱ्या नकाशावर) तिथे लाल रेघ दिसते म्हणून वाट खुली आहे असं समजू नका. ती रेघ बीट गार्डच्या, म्हणजे वनरक्षकाच्या, मोटरसायकलची असू शकते, किंवा ज्याने कुणाला विचारलंच नाही अशा एखाद्याची.

दुसरी गोष्ट ‘ग्रॅव्हल’ची. परदेशी व्हिडिओत दिसतो तसा दाबून बसवलेल्या बारीक खडीचा, मैलोन् मैल जाणारा रस्ता आपल्याकडे मिळत नाही. आपल्याकडे रस्त्यावर खडी दिसली म्हणजे डांबर पडायचं आहे, आणि ती खडी धारदार असते. टायरची बाजूची भिंत कापायला ती पुरते. गावरस्ते आता झपाट्याने डांबरी होत चाललेत. साठ किलोमीटरच्या फेरीत पंधरा-वीस किलोमीटर कच्चं मिळालं तरी खूप समजा. उरलेलं डांबर सकाळी साडेसातला रिकामं असेल तर ते काही वाईट नसतं.

आता वेळ. डिसेंबरात बडोद्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. रस्ते सगळ्यात मोकळे असतात ते त्याच्याही आधी, पण त्या वेळी जंगलातल्या रस्त्यावर सायकल नको. जांबुघोड्यात बिबट्या आहे, अस्वल आहे. बिबट्या बहुतेक वेळा तुम्हाला टाळतो. अस्वलाचं तसं नाही. त्याची नजर अधू, ते खाण्यात गुंग असतं आणि अचानक समोर कुणी आलं की पळण्याऐवजी अंगावर येतं. पायी माणसाची पानांवर चाहूल लागते, मोटरसायकल लांबून ऐकू येते. सायकल मात्र वळणावरून ताशी वीसने निःशब्द येते. ज्या शांततेसाठी आपण सायकल घेतो तीच इथे नडते. म्हणून हँडलला साधी ट्रिंग-ट्रिंग घंटी लावा आणि आंधळ्या वळणांवर वाजवा, किंवा मोठ्याने बोलत राहा. मार्च-एप्रिलमध्ये तर जास्तच, कारण तेव्हा मोहाची फुलं पडतात. ती वेचायला पहाटे गावकरी येतात आणि खायला अस्वलंही येतात.

तेव्हा खिडकी उरते ती साडेसात ते दहा-साडेदहा. दहानंतर जीपा, छकडे (गुजरातेतल्या इंजिनाच्या तीनचाकी), शाळेच्या गाड्या, दुचाक्या सुरू होतात. वाराचंही तसंच. जंगलातल्या झंड हनुमानच्या देवळाला शनिवारी गर्दी असते, चांपानेर-पावागडला शनिवार-रविवार आणि पौर्णिमेला. चैत्र आणि आश्विन नवरात्रात त्या बाजूला फिरकूच नका. गावोगावच्या आठवडी हाटाच्या दिवशी त्या फाट्यावर जीपांची रांग लागते, म्हणून कुठल्या गावचा हाट कुठल्या वारी हे आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारून घ्या. मंगळवार ते गुरुवार यांतला, हाट नसलेला दिवस उत्तम. होळीच्या आसपासचा आठवडा पूर्व पट्ट्यात मेळ्यांचा आणि गेरचा, म्हणजे होळीच्या आदिवासी नाचाचा, असतो. बघायला जरूर जा, पण सायकलने किलोमीटर मोजायला नको.

बडोद्यापासूनच पेडल मारत जायचा मोह होईल. चांपानेर साधारण पन्नास किलोमीटर, तिथून शिवराजपूरमार्गे जांबुघोडा अजून पंचवीसेक. पण हालोलचा रस्ता औद्योगिक वसाहतीच्या ट्रकांचा आणि कामगारांच्या बसचा. आणि डभोई-बोडेलीकडून गेलात तर ओरसंग नदीच्या वाळूचे डंपर आणि छोटा उदेपूरकडून येणारे डोलोमाइटचे ट्रक. गाड्या टाळायच्या फेरीची सुरुवात तशी करण्यात अर्थ नाही. सायकली गाडीत घाला, पहाटे निघा, आणि गाडी जांबुघोडा गावातच, वस्तीत, विचारून लावा. वनखात्याचं धनपरीचं इको कॅम्पसाइट आधी आरक्षित करून आदल्या रात्री राहिलात तर सकाळची धावपळच मिटते. मला तरी हाच बेत सगळ्यात शहाणा वाटतो.

गावात तळ धरला की फेरी आपोआप तीन पाकळ्यांची होते. एक कडा धरणाची: जवळची, पाय मोकळे करायला. दुसरी तरगोळच्या तळ्याकडची. तिसरी झंड हनुमानची: हिच्यात चढ-उतार आहेत, लांबीने कमी पण ग्रॅव्हलच्या गिअरलाही एक-दोनदा शेवटच्या दात्यावर आणणारे. जाऊन-येऊन तिन्ही मिळून चाळिशीच्या आसपास भरतात. नेमका आकडा फाटा कुठून घेता त्यावर. झंड हनुमानची पाकळी सगळ्यात आधी करा. रस्ता सागाच्या आणि बांबूच्या जंगलातून जातो आणि दर्शनाच्या गाड्या उशिरा येतात. देवळाच्या पुढच्या पायवाटा सायकलच्या नाहीत. कडा शेवटी ठेवा, कारण तिथे दहानंतरही फारसं काही बिघडत नाही.

उरलेले पंधरा-वीस किलोमीटर, आणि तुम्हाला हवं असलेलं कच्चं, हे अभयारण्याच्या हद्दीबाहेर शोधा. इथे खरी मजा आहे ती नेळियांची. मराठी वाचकांपैकी बडोद्याबाहेरच्यांसाठी: नेळियुं म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारी, दोन्ही बाजूंना थोराची नाहीतर बाभळीची कुंपणं असलेली, जमिनीच्या पातळीपेक्षा खाली गेलेली गाडीवाट. शेकडो पावसाळे पाणी तिच्यातून वाहिलं आणि बैलगाड्यांची चाकं फिरली, म्हणून ती खचत गेली. पावसाळ्यात तो ओढाच असतो. उपग्रहाच्या चित्रात ती दोन गडद हिरव्या रेघांमधली फिकट फट अशी दिसते. रेघ तांबूस असेल तर मुरूम, म्हणजे उत्तम. पांढुरकी असेल तर वाळू, दोनशे मीटर ढकलायची तयारी. राखाडी-काळी असेल तर काळी माती. ती डिसेंबरात दगडासारखी घट्ट असते, पण अवेळी पावसाची एक सर आली की चाकाला लागते, फोर्कमध्ये गच्च बसते आणि तुम्ही तरी पेडल मारलंत तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) त्याच्या हँगरसकट, म्हणजे तो ज्याला लटकतो त्या पट्टीसकट, वाकतो. चाक फिरायचं थांबलं की जोर लावू नका. उतरा, काटकीने माती काढा, सायकल खांद्यावर घ्या आणि डांबर गाठा. चित्र कुठल्या महिन्याचं आहे हेही बघा. सप्टेंबरातलं असेल तर सगळंच हिरवं दिसतं.

नेळियात दोन गोष्टी पाडतात. पहिली म्हणजे चाकोरी. कापसाचा मोसम असतो, ट्रॅक्टर ट्रॉली ओढतात, आणि ओल्यात पडलेली चाकोरी वाळून वीतभर खोल राहते. एकतर मधल्या उंचवट्यावर चालवा, नाहीतर चाकोरीत उतरून तिच्यातच राहा. मधेच बाहेर यायचं तर वेग कमी करा, पुढचं चाक कडेला शक्य तितकं आडवं वळवा, हँडल जरासं उचला आणि पार व्हा. तिरप्या कोनातून हळूच चढायला गेलात की टायर कडेला घासत राहतो आणि तुम्ही कुंपणात. तिथे थोर आहे. दुसरी गोष्ट फुफाटा. पिठासारखी धूळ चार बोटं साचते आणि खालचा दगड दिसत नाही. त्यात शिरायच्या आधी एक गिअर हलका करा, वजन मागे घ्या, हात सैल सोडा, पाय चालू ठेवा. पुढचा ब्रेक अजिबात नको.

हवेबद्दल: सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस, ४० मिमीचा टायर, ट्यूब असेल तर पुढे ३५ आणि मागे ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). यापेक्षा कमी केलंत तर दगडावर ट्यूब रिमशी चेपून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस केल्यावर, म्हणजे ट्यूब काढून आत भोक बुजवणारा द्रव (सीलंट) घातल्यावर, पुढे ३०, मागे ३३ चालतं, आणि मुरमावर फरक तळहाताला कळतो. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाला दोन्हीकडे चार-पाच पीएसआय कमी.

आणि ट्यूबलेस कराच. या भागात सायकलचा खरा शत्रू ट्रक नसून वेडी बाभूळ आहे, गुजरातीत गांडो बावळ. कुंपण छाटलं की फांद्या वाटेवर पडतात, आणि तिचा काटा बोटाच्या दोन पेरांएवढा, वाळल्यावर सुईसारखा. त्यात कडेच्या गवतात सराटे. दोघांच्या चार चाकांत मिळून एका सकाळी तीन-चार पंक्चर म्हणजे काही विशेष नाही. ४० मिमीच्या टायरला दर चाकी साठ ते ऐंशी मिली सीलंट घाला. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाशी धरून हलवा. डुचमळल्याचा आवाज येत नसेल तर भरायची वेळ झाली. काटा रुतलेला दिसला की उपटा, भोक लगेच खाली येईल असं चाक फिरवा आणि मिनिटभर धरा. तरी फसफसत राहिलं तर प्लग, म्हणजे भोकात कोंबायची रबरी पट्टी.

आत्ता डिसेंबरला ट्यूबवरच जाणार असाल तर दर माणशी दोन सुट्या ट्यूब, पॅचचं पाकीट, आणि एक चिमटा किंवा नखं कापायचं यंत्र. हे शेवटचं कुणी नेत नाही आणि त्याच्यावाचून अडतं. बाभळीच्या काट्याचं टोक टायरच्या आत मोडतं. बाहेरून काही दिसत नाही, नवी ट्यूब घालता, पाचशे मीटरवर तीही बसते. म्हणून टायर बसवतानाच त्यावरचं छापील नाव वॉल्व्हच्या समोर आणून ठेवा. ट्यूबमधलं भोक वॉल्व्हपासून किती वितीवर आहे ते मोजलं की टायरवर नेमकं कुठे शोधायचं हे कळतं. भोक वॉल्व्हच्या कुठल्या बाजूला ते नक्की नसेल तर दोन्हीकडे तेवढ्याच अंतरावर बघा. आतून बोट फिरवू नका, बोटात जाईल. कापसाचा बोळा किंवा सुती रुमाल फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे टोक. ते आतूनच चिमट्यात धरून ओढायचं.

गावात पंक्चरवाला मिळतो, हातही चांगला असतो, पण त्याचा पंप साध्या सायकलच्या वॉल्व्हचा किंवा मोटरसायकलचा. तुमच्या सायकलींना बहुधा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल. क्षुल्लक किमतीचा पितळी अडॅप्टर वॉल्व्हवरच चढवून ठेवा, मग मोटरसायकलचा पंप चालतो.

कालव्यांबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण नकाशावर नर्मदा मुख्य कालव्याचा सेवारस्ता बघून कुणालाही भूल पडेल: हालोलच्या बाजूने, बोडेलीच्या बाजूने, सपाट, सरळ, मोकळा. तो देखभालीचा रस्ता आहे, ठिकठिकाणी फाटकं आहेत, रखवालदार अडवू शकतो आणि अडवलं तर परत फिरायचं. पण माझा आक्षेप दुसराच आहे. हा कालवा सुरुवातीला ७.६ मीटर खोल पाण्याचा आहे, बाजू काँक्रीटच्या, उतरत्या, पाण्याच्या रेषेशी शेवाळलेल्या. आत घसरलेल्या माणसाला धरायला काही नसतं, पोहता येत असलं तरी. नेणारच असाल तर पाण्यापासून लांबच्या कडेने, एकामागे एक, दहा मीटर अंतर ठेवून. पडलेली बाटली काढायला उतरायचं नाही. गेली तर गेली.

जांबुघोड्याच्या आधी एक सराव करा असं सुचवेन, तो डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर. गायकवाडी राजवटीत सिंचनासाठी बांधलेलं तळं, २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. आसपासच्या शेतवाटांवर नेळिया, फुफाटा, काटे हे सगळं सपाटीवर शिकता येतं आणि अस्वल नाही. बंधाऱ्यावर सायकल हातात धरून चाला. डिसेंबरात तिथे चांदवे आणि चक्रवाक हजारोंनी उतरलेले असतात आणि त्यांना बघायला आलेले लोक दुर्बिणी लावून बसलेले असतात. आजव्याच्या बाजूला गेलात तर चिखल धुवायला पाण्याशी जाऊ नका. सयाजी सरोवरात आणि विश्वामित्रीत मगरी आहेत, बडोदेकरांना हे सांगायला नको, तरी सांगतो.

कुणीतरी तुम्हाला शिवराजपूरच्या जुन्या नॅरोगेजचं सुचवेलच. मँगनीजच्या खाणींसाठी चांपानेर रोड स्टेशनपासून ती लाइन होती, आणि रेल्वेचा चढ नेहमी सौम्य असतो हे खरं. पण आज रेल्वे नाही. जुन्या नकाशावरची ती रेघ अखंड वाट समजून मार्ग आखू नका. चांपानेरात मात्र फिरतीवर अर्धा दिवस ठेवा. २००४ पासून जागतिक वारसा आहे, वडा तलावाच्या काठचा रस्ता सकाळी सुरेख असतो. सायकल रस्त्यावर, कोट, पायऱ्या आणि मशिदींच्या ओट्यांवर नाही.

पाणी: थंडीतही दर माणशी दोन लिटर घेऊन निघा. जांबुघोडा आणि शिवराजपुरात दुकानं आहेत, मधे गावच्या डंकीवर (हातपंपावर) अवलंबून राहावं लागतं. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं की २०० मिलीचं ते वाचून मगच मिसळा. जंगलात मोबाइलची रेंज मधे मधे जाते, म्हणून ओलांडलेल्या शेवटच्या गावाचं नाव लक्षात ठेवत चला. १०८ला फोन लागला तर ‘अमुक गावापासून झंडच्या रस्त्याला दोन किलोमीटर’ हे त्यांना नकाशावरच्या आकड्यांपेक्षा लवकर कळतं. कुत्री मागे लागली तर उतरा, सायकल मधे धरा, चालत जा.

तेव्हा तुमच्यासाठी बेत असा: मधल्या वारी, हाट टाळून, साडेसातला जांबुघोड्यातून झंड हनुमान, नऊच्या आत परत गावात चहा, मग तरगोळ, मग कडा, आणि पायांत जोर असेल तर हद्दीबाहेरच्या एखाद्या तांबड्या नेळियात तासभर. त्या दिवशी संध्याकाळी सायकली उतरवल्यावर चारही टायर ओल्या फडक्याने पुसून काटे काढून टाका. सीलंट नसलेल्या ट्यूबमध्ये अर्धवट शिरलेला काटा त्या दिवशी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना चाक बसलेलं दिसतं.